एसी फिल्टर साधा घ्यावा की कार्बनचा? डिचोलीकराचा अनुभव

गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा एसी फिल्टर घ्यायला गेलं की म्हापशाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, "बाय, सादो जाय काय कार्बन?" म्हणजे साधा हवा की कार्बनचा? गोव्यात गाडी चालवणाऱ्यांसाठी माझं उत्तर असं: दोन्ही घ्या, पण एकाच वेळी नाही. पावसाळ्यात साधा घाला आणि दिवाळीनंतर कार्बनचा. दोन्ही घरीच बदला. वर्षाला मिळून सातशेच्या आसपास खर्च येतो, आणि मला तो पूर्ण पटतो.

गाडी आय-ट्वेंटी, रोजचा रस्ता डिचोली ते पणजी. मुळगाव, अस्नोडा, थिवी, म्हापसा, पर्वरी. या रस्त्याची धूळ साधी नाही. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या 88 खाणींच्या लीज रद्द केल्या आणि मार्चपासून खाणी थांबल्या, तेव्हा काही वर्षं रस्ते जरा मोकळे होते. 2024 मध्ये डिचोलीची खाण पुन्हा सुरू झाली आणि खनिजाचे ट्रकही आले. लोकांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, ते मी समजते. पण त्या ट्रकमागे गाडी असली की काचेवर तांबूस थर बसतो, आणि तीच हवा आपण आत घेतो. भरीला पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघालेलं. वडिलांना दमा आहे, ते शेजारच्या सीटवर बसतात, म्हणून हा विषय माझ्यासाठी लहान नाही.

आधी सर्व्हिस सेंटरबद्दल. नाव लिहीत नाही. तिथे फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारतात, परत बसवतात आणि बिलात "क्लीनिंग" लावतात. हे मला अजिबात मान्य नाही. हवेच्या जोराने वरची धूळ उडते, पण धाग्यांत खोल रुतलेली तशीच राहते, आणि धागे फाकले तर फिल्टर आधीपेक्षा कमी अडवतो. फिल्टर धुणंही तसंच चुकीचं. ही वस्तू बदलायची आहे, साफ करायची नाही.

बदलायला आय-ट्वेंटीत स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायचा. आत दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे गोल स्टॉपर असतात, ते फिरवून काढले की खण खाली लोंबतो. मागे ब्लोअरच्या, म्हणजे एसीच्या पंख्याच्या, डब्यावर आडवं झाकण दिसतं. कडेच्या क्लिपा दाबल्या की ते निघतं आणि फिल्टर खणासारखा पुढे ओढता येतो. ओढण्याआधी खाली पेपर अंथरा आणि नाकाला मास्क लावा. फिल्टर आडवाच धरून, न हलवता बाहेर काढा, नाहीतर वरचा कचरा सरळ ब्लोअरमध्ये पडतो. फिल्टरच्या कडेवर "एअर फ्लो" लिहून बाण छापलेला असतो. जुन्याचा बाण कुठे होता ते पाहूनच नवा घाला.

मे महिन्याच्या शेवटी काढलेला फिल्टर एकदा उजेडात नीट बघावा असं मी सगळ्यांना सांगते. वरच्या बाजूला घड्यांच्या खोबणीत तांबडी भुकटी हळदी-कुंकवासारखी बसलेली असते. गाडी दारातल्या मानकुराद आंब्याखाली उभी असते, त्यामुळे मोहोराच्या सुकलेल्या काड्या, पानांचे देठ, एखाद्या पाकोळीचा पंख हेही त्यात सापडतं. खालची बाजू मात्र बरीचशी स्वच्छ. म्हणजे फिल्टरने काम केलं. हेच सगळं वडिलांच्या छातीत जायचं होतं.

आता ऋतूंचं कारण. कार्बनच्या फिल्टरमध्ये कोळशाचे कण असतात आणि त्यांच्या अतिसूक्ष्म छिद्रांत वास आणि काही वायू धरले जातात. नोव्हेंबर ते मे हा फरक मला स्पष्ट जाणवतो. थिवीच्या चढावर डिझेल ट्रकमागे अडकलं तरी धुराचा वास पूर्वीइतका आत येत नाही. पूर्ण जात नाही, कमी होतो. पण हवा फार दमट असली की त्याच छिद्रांत पाण्याची वाफ जागा अडवते आणि वास धरण्याची ताकद घटते. आपल्याकडे वाळपई-सांगेत पाऊस इंचांचं शतक गाठतो, चार महिने कपडे वाळत नाहीत. अशा हवेत कोळशासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. साधा पांढरा फिल्टर घाला, धुळीचं काम तोही करतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत टाकून द्या.

मृगाच्या आधी बदलणं मात्र चुकवू नका. उन्हाळ्याची धूळ घेऊन बसलेला फिल्टर जूनमध्ये भिजला की ती धूळ, ती पानं कुजायला लागतात, त्यावर काळे ठिपके धरतात, आणि सकाळी एसी लावला की बंद खोलीसारखा कुबट वास येतो. त्याहून गंभीर म्हणजे चोंदलेल्या फिल्टरमुळे हवेचा झोत कमी होतो आणि काचेवरची वाफ लवकर जात नाही. पावसात, धुक्यात चोर्ला घाट चढताना पुढची काच धूसर राहणं म्हणजे जिवाशी खेळ. मॅन्युअलमध्ये किलोमीटरचा हिशोब दिलेला असतो, पण इथे ऋतू पाहून बदलावं असं माझं ठाम मत आहे.

दुकानात काय बघायचं? दोन-तीन कंपन्यांचे फिल्टर शेजारी ठेवून घड्या मोजा. घड्या जास्त आणि खोल, तितकं कापड जास्त, तितकी धूळ जास्त मावते. कडेची पट्टी सलग हवी, कोपऱ्यात फट राहिली तर हवा तिथूनच निघून जाते. कार्बनचा फिल्टर हातात साध्यापेक्षा जड लागला पाहिजे. नुसतं राखाडी कापड लावून "कार्बन" म्हणून विकलेला मी पाहिला आहे, तो वजनात लगेच कळतो. टिचकी मारून खूप काळी भुकटी गळली तर तोही नको. खोक्यावर "पीएम 2.5" (म्हणजे अतिबारीक धूळ) मोठ्या अक्षरांत असलं तरी किती टक्के अडवतो ते लिहिलंय का बघा. आयएसओ 11155 या गाडीच्या फिल्टरच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख असेल तर चांगलं. त्याचा पहिला भाग धुळीच्या चाचणीचा, दुसरा वायू आणि वासाच्या. मला साधा अडीचशेला आणि कार्बनचा साडेचारशेला मिळाला. कार्बनचा पैसे वसूल करतो, पण कोरड्या महिन्यांत.

फिल्टर नवा घालूनही वास राहिला तर तो बहुतेक वेळा हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलचा असतो, फिल्टरला दोष देऊ नका. कॉइल ओली राहते आणि तिच्यावर बुरशी धरते. घर जवळ आलं की, अस्नोड्याच्या पुढे, मी एसी बंद करून पंखा तसाच चालू ठेवते, घरी पोचेपर्यंत कॉइल बरीच वाळते. याने खूप फरक पडला. वडिलांचा दमा फिल्टरने बरा होणार नाही, त्यांचा पंप खिशात असतोच. पण पणजीला जाताना पूर्वी अर्ध्या वाटेवर सुरू होणारी त्यांची शिंकांची माळ आता क्वचितच लागते.

आणि एक गोष्ट. काही जुन्या किंवा खालच्या मॉडेलच्या गाड्यांत कंपनी फिल्टर घालतच नाही, नुसती जागा असते. विकत घेण्याआधी ग्लोव्ह बॉक्स उघडून झाकणामागे काय आहे ते बघून घ्या, आणि जमलं तर जुना फिल्टर दुकानात घेऊन जा, माप तिथेच जुळवता येतं.