वावरात वापरलेलं कॉलिंगवालं स्मार्टवॉच: दिवाळी ते पावसाळा

दिवाळीत घेतलेलं घड्याळ आता पावसाळ्यातही मनगटावर आहे. किंमत दोन हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे सांगतोय ते या भावातल्या बहुतेक घड्याळांना लागू पडतं. राहायला आर्वी तालुक्यात, कापूस-तुरीची शेती, वावर गावापासून लांब आणि तिथं टॉवर येतो-जातो. स्क्रीन, पट्टा, पावलं यांवर व्हिडिओ ढिगानं आहेत. मी फक्त 'कनेक्टच होत नाही' या दुखण्याबद्दल लिहितो.

या घड्याळात ना सिम, ना वायफाय. ते ब्लूटूथनं फोनशी बोलतं आणि फोनमधलं अ‍ॅप पुढं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं. म्हणून 'नेटवर्क एरर' दिसला की आधी तुटलंय कुठं ते पाहायचं. फोनचा डेटा बंद करा आणि घरातल्या कोणाला तरी साधा कॉल लावायला सांगा. घड्याळ थरथरलं तर घड्याळ आणि फोन यांचं बरं चाललंय, भानगड नेटची आहे. कॉल आणि एसएमएसला डेटा लागत नाही; हवामान, नवीन वॉचफेस, लॉगिन, अपडेट यांना लागतो. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज फोनलाच आला नसेल तर मनगटावर कुठून येणार?

घड्याळ थरथरलंच नाही तर बहुतेक वेळा गुन्हेगार फोन असतो. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप्स मारून टाकतात. रात्री अ‍ॅप मेलं की सकाळी घड्याळ एकटं पडतं, आणि लोक घड्याळाला शिव्या देतात. उपाय फोनच्या सेटिंगमध्ये आहे: घड्याळाच्या अ‍ॅपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करायची, 'ऑटोस्टार्ट' असेल तर चालू करायचं, आणि रिसेंटमधून (नुकत्या उघडलेल्या अ‍ॅप्सच्या यादीतून) सगळं झाडून टाकायची सवय असेल तर त्याच यादीत त्या अ‍ॅपला कुलूप लावायचं, म्हणजे ते झाडलं जात नाही. अँड्रॉइड १२ पासून 'नियरबाय डिव्हाइसेस' ही वेगळी परवानगी लागते. त्याआधीच्या फोनात ब्लूटूथवर घड्याळ शोधायलाच लोकेशन चालू ठेवावं लागतं. माझ्या बाबांच्या जुन्या फोनात घड्याळ दिसत नव्हतं ते एवढ्याचसाठी. आमच्याकडे दीड जीबीचा पॅक संध्याकाळपर्यंत पुरवायला डेटा सेव्हर चालूच असतो. तो अ‍ॅपला मागून नेट वापरू देत नाही, त्यामुळे हवामान कालचंच दिसत राहतं. डेटा सेव्हरमध्येच या एका अ‍ॅपला सूट देता येते. एवढं केल्यावर माझ्या निम्म्याहून जास्त तक्रारी संपल्या.

कॉलिंगवाल्या घड्याळाची आणखी एक गंमत आहे, दुकानदार ती सांगत नाही. त्यात बहुधा दोन जोडण्या असतात. नोटिफिकेशन आणि पावलांसाठी कमी वीज खाणारी एक, बोलण्याच्या आवाजासाठी दुसरी. फोनच्या ब्लूटूथ यादीत कधी कधी एकाच घड्याळाची दोन नावं दिसतात ती यामुळे. म्हणून मेसेज येतात पण बोलता येत नाही, किंवा याच्या उलट, असं होऊ शकतं. पहिली जोडणी अ‍ॅपमधूनच करायची, फोनच्या ब्लूटूथ यादीतून नाही. आणि घड्याळ आधी दुसऱ्या फोनला जोडलेलं असेल तर तिथून काढल्याशिवाय बहुधा तुमच्याकडे येत नाही.

अंतराचं म्हणाल तर दहा मीटर धरून चाला, तेही मध्ये काही नसेल तर. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. डाव्या हातात घड्याळ आणि उजव्या बाजूच्या मागच्या खिशात फोन असला तर डवरणी करताना जोडणी तुटते. फोन वरच्या खिशात ठेवला की टिकते. फोनची पिशवी धुऱ्यावरच्या बाभळीला अडकवून पऱ्हाटीत शिरलात तर विसराच. परत जवळ आल्यावर आपोआप जोडलं जायला पाहिजे. माझं कधी जोडलं जातं, कधी ब्लूटूथ बंद-चालू करावं लागतं. मधल्या काळातली पावलं आणि झोप घड्याळात साठलेली असते, ती नंतर अ‍ॅपमध्ये उतरते. हे मात्र चांगलं केलंय.

खरा उपयोग रात्रीच्या ओलिताला झाला. पंपाची थ्री फेज लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत हरभऱ्याला पाणी देताना हात चिखलात असतात, फोन खिशात, आणि बायकोचा कॉल मनगटावरच उचलता येतो. पण गावची लाइन बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही बसते. मग फोनच मुका, तिथं कुठलंही सेटिंग कामाचं नाही. ४५ अंशांच्या मे महिन्यात मी घड्याळ दुपारी काढूनच ठेवत होतो, त्यामुळे त्या दिवसांचं काही सांगत नाही.

पावसाळ्यात मात्र एक काळजी घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आजूबाजूला वीज पडण्याचा इशारा देतं. तो इशारा मनगटावर येतो म्हणून माझा एक शेजारी निर्धास्त झाला होता. त्याला सांगितलं, इशारा आधी नेटवरून फोनला यावा लागतो आणि मग ब्लूटूथनं घड्याळाला. यातलं काहीही तुटलेलं असलं तरी घड्याळ गप्पच राहतं. ढग गडगडला की घर गाठायचं, घड्याळाची वाट पाहायची नाही.

शेवटी रिसेट. कस्टमर केअरवाले पहिल्याच वाक्यात तेच सांगतात. करायचंच असेल तर आधी सगळा डेटा अ‍ॅपमध्ये उतरवून घ्या. मग अ‍ॅपमधून घड्याळ काढा, ब्लूटूथ यादीतली दोन्ही नावं विसरायला लावा, घड्याळ रिसेट करा आणि अ‍ॅपमधून नव्यानं जोडा. हे वावरात करू नका. अ‍ॅपनं परत लॉगिन मागितलं तर नेटशिवाय पुढं जात नाही, आणि फोनशी जोडलं जाईपर्यंत घड्याळ वेळसुद्धा चुकीची दाखवतं.