‘बडोदा’ स्क्वाड्रनचं स्पिटफायर: जुनं मॉडेल सुधारून सात महिने उडवल्यानंतर

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या नावात ‘बडोदा’ होतं, आपल्या संस्थानाने दिलेल्या देणगीमुळे. १९४१ मध्ये ती पुन्हा उभी राहिली ती स्पिटफायर ही लढाऊ विमानं घेऊनच. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाला हे कळल्यावर स्वस्थ कसं बसवेल? संगणकावर विमान उडवायच्या माझ्या मोफत सिम्युलेटरमध्ये स्पिटफायर मार्क ५चं एक जुनं मॉडेल होतं, कित्येक वर्षं कुणी हात न लावलेलं. त्यावर स्क्वाड्रनची ‘ओएन’ ही ओळख-अक्षरं रंगवायची, एवढाच बेत होता.

अक्षरं दोन संध्याकाळींत झाली. मग बडोद्याच्या हरणी विमानतळाच्या धावपट्टीवरून विमान उडवलं आणि हिरमोड झाला. पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिनाची सगळी ताकद लावली तरी ते नाकासमोर सरळ धावत होतं. मर्लिन इंजिनाचं स्पिटफायर डावीकडे ओढतं, उजवा रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, पायाने दाबून धरावा लागतो.

विमानाच्या वागण्याचा सगळा हिशोब जेएसबीसिम या उड्डाणाचं गणित करणाऱ्या प्रणालीच्या एक्सएमएल फाइलींत असतो. त्या उघडल्या तर दोन मुख्य चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास! खऱ्या विमानात ते जेमतेम १.७ मीटर, कारण चाकांचे पाय पंखाच्या मुळाशी बसवलेले आणि बाहेरच्या बाजूला दुमडणारे. आकडा दुरुस्त केला आणि त्याच रात्री उतरताना पंखाचं टोक जमिनीला घासलं. इतका आनंद मला कुठल्याच सफाईदार लँडिंगने दिला नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ कॉकपिटने खाल्ला. चाकं वर घ्यायचा दांडा उजव्या हाताला आहे. म्हणजे उड्डाण झालं की डावा हात थ्रॉटलवरून काढून स्टिकवर आणायचा आणि उजव्याने दांडा ओढायचा. त्याआधी थ्रॉटलची घर्षण-चकती आवळली नसेल, तर थ्रॉटल हळूहळू मागे सरकतो. मी हेही मॉडेलमध्ये घातलं. पहिले कितीतरी दिवस चकती विसरायचो आणि धावपट्टीच्या टोकाशी विमान खाली बसायला लागायचं. आता हात आपसूक तिकडे जातो.

कार्ब्युरेटरचंही तसंच. नाक खाली करायला स्टिक झटकन पुढे ढकलली की तरंगत्या गोळ्याच्या टाकीतलं पेट्रोल वर उसळतं आणि इंजिन क्षणभर अडखळतं. त्यानंतर पेट्रोलचा जो पूर यायचा, तो ब्रिटिश अभियंता बिअॅट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये बसवलेल्या छोट्या चकतीने आवरला. माझ्या मॉडेलमध्ये अडखळणं आहे, पूर नाही. हे जुळवायला मला दीड महिना लागला.

इंजिन तापणं मात्र अजून मनासारखं नाही. जमिनीवर रेंगाळलं की तापमान चढायलाच हवं, ते चढतं. पण उड्डाणानंतर फार लवकर उतरतं. रंगकामही जवळून पाहिलं तर पंखाखाली धूसर दिसतं.

नवख्याने साधी जॉयस्टिक घेऊन यात बसू नये. मी तिसऱ्या महिन्यात रडरसाठी पायाची पेडल घेतली, तेव्हा कुठे धावपट्टीच्या मधोमध राहता आलं.

सध्या मार्क ६ करायला घेतलंय. १२४ने तेही उडवलं होतं: उंचावरच्या लढाईसाठी हवाबंद कॉकपिट, टोकदार लांब पंख, चार पात्यांचा पंखा. पंख झालेत, पात्यांचं काम चालू आहे.