सापाच्या पेटीपायी ₹३६,९५० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

रक्कम आधीच सांगते, म्हणजे "किती गेले गं?" हा प्रश्न तरी वाचेल. ₹३६,९५०. बॉल पायथनच्या, म्हणजे माझ्या पाळीव सापाच्या, राहायच्या पेटीसाठी. हसून घ्या. आमच्या घरात सगळ्यांचं हसून झालंय, सासूबाईंचं अजून चालू आहे.

पुढचं मात्र नीट वाचा, खास करून ज्यांच्याकडे बॉल पायथन, कॉर्न स्नेक, इग्वाना असलं काही आहे त्यांनी. पेटी विकतो म्हणून पैसे उकळणारा हा माणूस आपल्यासारख्यांनाच हेरतो. आपण चारचौघांत काही विचारत नाही, शेजाऱ्यांना कळू देत नाही आणि पैसे बुडाले तरी पोलिसांत जायला कचरतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

लाडू, म्हणजे माझी बॉल पायथन, माझ्याकडे २०१९ पासून आहे. साडेतीन फुटांची मादी, मूळची आफ्रिकेतली जात, बिनविषारी. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, ऑगस्टपर्यंतची मुदत होती. त्या मुदतीत मी सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंदणी केली. हे मुद्दाम लिहितेय, पुढे कळेल का ते.

तिची जुनी टाकी काचेची, वर जाळी. पुण्यात पावसाळाभर त्यात भागतं. थंडी सुरू झाली की रात्रीचा पारा उतरतो, हवा कोरडी होते आणि जाळीतून ऊब आणि ओल दोन्ही उडून जातात. या जातीला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २५-२६ आणि आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर लागते. मागच्या हिवाळ्यात तिची कात सलग न निघता चिंध्या होऊन निघाली, एका डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहिला. या वेळी श्वास घेताना बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी राहायची जागा सुधारा. म्हणजे मी हौस म्हणून पैसे उधळत नव्हते. मला घाई होती आणि घाई का आहे हे मी त्या माणसाला पहिल्याच मेसेजमध्ये लिहून मोकळी झाले होते.

इन्स्टाग्रामवर त्याचं दुकान. चार बाय दोन बाय दोन फुटांची पीव्हीसीची पेटी, पुढे सरकत्या काचा, कुलूप, आत सिरॅमिक हीटर, त्याला जाळीचं कवच, ऊब ठरल्या अंशांवर ठेवणारा थर्मोस्टॅट. सगळं मिळून ₹२८,५००, निम्मे आगाऊ. तुम्ही म्हणाल, इथेच कळायला हवं होतं. नाही हो! भामटे गुळमुळीत बोलतात, याने मला झापलं. "ताई, थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी तार, हवेत लोंबकळतेय का? मग थर्मोस्टॅट असून नसल्यासारखाच आहे." "हीट रॉक, म्हणजे विजेवर तापणारा दगड, असेल तर आजच फेका, पोट भाजतं जनावराचं." "दोन आडोसे ठेवा, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, आणि अंगाला घट्ट बसतील असे. मोठा आडोसा म्हणजे तिला उघड्यावर बसवल्यासारखं." यातलं एक अक्षर चुकीचं नाही. मला शहरातल्या एकाही दुकानदाराने इतकं नीट सांगितलेलं नव्हतं. ज्याला एवढं कळतं तो चोर कसा असेल, असं वाटलं. असतो. अशी माहिती फुकट मिळते, पाठ करायला एक रात्र पुरते.

₹१४,२५० भरले. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं तिसऱ्याच बाईचं. "वहिनीचं खातं आहे ताई, माझी लिमिट संपली." नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबा. वहिनी असो, मावशी असो.

मग थर्मोस्टॅट म्हणे कस्टममध्ये अडकला, ₹४,६५० भरा. मग काचेसाठी लाकडी क्रेट, परत मिळणारं डिपॉझिट, ₹३,८००. हा प्रकार पुढे कसा जातो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि मग तो व्हिडिओ. "ताई, तुमची पेटी टेस्टिंगला लावलीय." अठ्ठावीस सेकंदांचा. सुंदर राखाडी पेटी, आत नारळाच्या भुश्याचा थर, एक हात प्रोब तारेच्या क्लिपमध्ये अडकवतो, मग खाली वाकून प्लग लावतो. तो प्लग! तीन चौकोनी जाड पिना, भिंतीवर तसाच चौकोनी भोकांचा सॉकेट. इंग्लंडचा. आपल्याकडे गोल पिना असतात हे माझ्या सात वर्षांच्या मुलालाही माहीत आहे. थर्मोस्टॅटच्या पडद्यावरचा आकडा ८९, म्हणजे फॅरनहाइट. चाकणला बनवतो म्हणणारा माणूस फॅरनहाइट कशाला लावेल? मी तो व्हिडिओ नवऱ्याला दाखवला, आईला पाठवला, स्वतः पुन्हापुन्हा बघितला. माझं सगळं लक्ष पेटीवर. रात्री अकरानंतर ऑफिसचा कॉल संपवून, शेजारी शिट्टी वाजवत श्वास घेणारं जनावर असताना कोणी भिंतीवरचा सॉकेट बघत बसत नाही, असं मी स्वतःला सांगत असते. पण तो सॉकेट आता डोळे मिटले तरी दिसतो. तेव्हा थांबले असते तर ₹१४,२५० वाचले असते, कारण राहिलेली निम्मी रक्कम मी त्यानंतर भरली. तो व्हिडिओ एका इंग्रज पाळणाऱ्याच्या पानावर जसाच्या तसा पडलेला आहे, हे नंतर सापडलं. व्हिडिओ मागवाल तर कागदावर स्वतःचं नाव आणि तारीख लिहून पेटीत ठेवायला सांगा. खरा कारागीर चिडणार नाही.

पैसे पोचले तसा ट्रान्सपोर्टच्या एलआरचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचा, फोटो आला. तो घेऊन मी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला गेले. गोडाऊनमधल्या क्लार्कने तो बघितला आणि मान वर न करता म्हणाला, "आमच्या नंबरला एवढे आकडे नसतात." त्याच्या टेबलावर तसले आणखी दोन प्रिंटआउट पडले होते. एका सोफ्याचा, एका ट्रेडमिलचा.

आता सरकारी पाहुणचार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागला, तक्रार घेतली, पोचपावती क्रमांक आला. इथपर्यंत ठीक. फक्त हे लगेच करायचं असतं, पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंत. तो "उद्या निघतंय ताई" म्हणत राहिला आणि मी वाट बघत राहिले, तोवर ते खातं रिकामं झालं होतं.

मग चौकी. हवालदारांनी विचारलं, "कसली पेटी?" सांगितलं. पेन खाली ठेवलं. "अजगर पाळता? मॅडम, अजगर म्हणजे शेड्यूल वन." मी सांगितलं, वन्यजीव कायद्याच्या त्या पहिल्या यादीतला तो आपला देशी अजगर, त्याला पाळणं गुन्हाच आहे, ही आफ्रिकेतली वेगळी जात, ही नोंदणी. कागद बाजूला ठेवून त्यांनी फोटो मागितला. आतून दोघे जण आले. कोणीतरी विचारलं, खाते काय? उंदीर म्हटल्यावर माझ्या ₹३६,९५० चा विषयच संपला. शेवटी निवाडा झाला: माल मागवला, आला नाही, हा व्यवहाराचा वाद, ग्राहक मंचात जा. आणि वर, "आम्हाला फॉरेस्टला कळवावं लागेल हं." म्हणजे चोर मोकळा आणि चौकशी माझी!

त्यांनी कळवायच्या आत मीच वनखात्यात गेले. तिथल्या साहेबांनी नोंदणी तपासली, बरोबर आहे म्हणाले, आणि पेटी हा आमचा विषय नाही म्हणाले. खरंच आहे. पण हे एका ओळीत लिहून द्या, चौकीत दाखवते, म्हटलं तर अर्ज करा. अर्ज केला. आवक क्रमांक मिळाला, ओळ अजून मिळायची आहे. बँकेचं उत्तर तर छापील: पिन तुम्हीच टाकला. हो, मीच टाकला! दरोडेखोर येऊन टाकून गेला असता तर तुमच्याकडे आले असते का? ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरची मुलगी गोड बोलली, पण विक्रेत्याचा पत्ता हवा. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी नाही, हे तिनेच सांगितलं. नोटीस पाठवायची कुठे, वहिनीला?

सगळ्यात झोंबलेली गोष्ट वेगळीच. चार बाय दोन बाय दोनचा तळ, छत, पाठ आणि दोन बाजू मिळून बत्तीस चौरस फूट होतात. पीव्हीसी फोम बोर्डाची एक आठ बाय चारची शीट. बरोबर बत्तीस! पुढच्या पट्ट्यांना जास्तीचा एक तुकडा लागतो. टिंबर मार्केटमधून शीट आणली, आमच्या सोसायटीत किचन ट्रॉल्या बसवणाऱ्या मिस्त्रींनी दोन रविवारांत पेटी उभी केली. काच, ट्रॅक, कुलूप, मजुरी सगळं धरून ₹९,८००. हीटर-थर्मोस्टॅट वेगळे, तेही दुकानात हातात घेऊन, बिल घेऊन. सांध्यांना सिलिकॉन लावलंत तर त्याचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत जनावर आत सोडू नका. प्लायवूड स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, ओलीने फुगतं. आर्द्रता मोजायला काट्याचं घड्याळ नको, डिजिटल घ्या.

लाडूची शिट्टी थांबलीय, खाते-पिते आहे. तक्रारीचं स्टेटस पोर्टलवर "प्रक्रियेत".

त्या माणसाचं नवीन नावाचं पान सुरू झालंय, पेटीचा भाव आता ₹३१,०००. तिथे ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांनी १९३० वर स्वतःची तक्रार स्वतः नोंदवा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा आणि लाज वाटली तरी चौकीत पेटी सापाची होती हे पहिल्यांदाच सांगा, नंतर निघालं तर जास्त जड जातं. माझ्या तक्रारीत तुमचं नाव जोडता येत नाही, विचारून झालंय.