पोर्तोहून दोरू व्हॅली वाईन टूर, माळकरी वडिलांना घेऊन (व्हॅनला २ स्टार, ट्रेनला साडेचार)

आधीच सांगतो, मी वाईनमधला जाणकार वगैरे अजिबात नाही. आमचं निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्ष, त्यामुळे द्राक्ष कळतं, दारू कळत नाही. मी जर्मनीत नोकरीला, सप्टेंबरात आई-आण्णा आले होते, कारण एकदा ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आण्णा बाग सोडून सख्ख्या पुतण्याच्या लग्नालापण जात नाहीत. त्यांना विचारलं युरोपात काय बघायचंय, तर म्हणाले ते टॉवर-बिवर राहू दे, इथली द्राक्षं कुठं होतात ते दाखव. आणि आण्णा माळकरी, दारूचा थेंब नाही, मांस-मच्छी नाही. अशा माणसाला घेऊन वाईन टूर, सगळे मित्र हसले.

तर त्यांना घेऊन पोर्तुगालला, पोर्ट वाईन जिथं होते त्या दोरू नदीच्या खोऱ्यात गेलो. पहिल्या दिवशी पोर्तोतून तयार डे टूर घेतली. कंपनीचं नाव देत नाही, कारण सगळ्यांचं पॅकेज साधारण सारखंच दिसतं: आठ सीटची व्हॅन, दोन-तीन किंता (किंता म्हणजे बाग, वाईनरी आणि मालकाचं घर सगळं एकत्र), जेवण, तासभर बोट. माणशी ११० युरो पडले, आणि न पिणाऱ्याला एक युरोपण कमी नाही. आण्णांच्या जागी ग्लासात पाणी आणि पैसे तेवढेच. हे बुकिंगच्या वेळी विचारून घ्या, आम्ही नाही विचारलं.

व्हॅनमध्ये किती वेळ गेला तर जवळजवळ निम्मा दिवस. रेग्वा ते पिन्याव या नदीकाठच्या गावांमधला एन२२२ रस्ता फार भारी, २०१५ मध्ये एका कार भाड्याने देणाऱ्या कंपनीने जगातला सगळ्यात चांगला ड्रायव्हिंग रोड म्हणून निवडला होता, नदी अगदी शेजारून वाहते आणि दोन्ही बाजूंना डोंगरभर पायऱ्या-पायऱ्यांचे बाग. पण तिथून वर किंतांकडे चढणारी वळणं आईला झेपली नाहीत, तिने लिंबू हुंगत डोळे मिटून घेतले ते पोर्तोलाच उघडले. दुसरी किंता म्हणजे नुसतं दुकान. बाग लांबून दाखवला, 'फोटो काढा, दहा मिनिटं'. आण्णा सरळ बांधावरून आत घुसले तर गाईड मागे पळत गेला.

जेवणात व्हेज म्हणून ऑम्लेट आलं, तेही आण्णांना चालत नाही, मग ब्रेड आणि ऑलिव्ह. आणि एक लक्षात ठेवा, काल्दो वेर्दे नावाचं हिरव्या भाजीचं सूप मेनूत निरागस दिसतं, पण त्यात बहुतेक ठिकाणी डुकराच्या सॉसेजची चकती असते, त्यामुळे आधी विचारा. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती म्हणून निभावलं. बोट मात्र छान होती, पूर्वी ज्या राबेलो होड्यांतून वाईन खाली पोर्तोसमोरच्या गायाला जायची तशीच बांधलेली. आता धरणांमुळे पाणी गंगापूर धरणासारखं शांत दिसतं, पण पूर्वी ही नदी माणसं खायची. १८६१ मध्ये फॉरेस्टर नावाचा इंग्रज वाईन व्यापारी वरच्या अंगाला होडी उलटून बुडाला, आणि त्याच होडीतली दोना अंतोनिया म्हणजे इथली मोठी बागायतदारीण वाचली, का तर म्हणे तिचा घेरदार झगा फुगून तरंगला.

बोटीवर एक गंमत झाली. गाईड बॅरलला 'पीपा, पीपा' म्हणत होता, ५५० लिटरचं एक. आण्णांनी मला कोपराने ढोसलं, 'हा पिंप म्हणतोय का?' तर हो, पिंप म्हणतोय, आपला पिंप यांच्याकडूनच आलाय, पाव, बटाटा, चावी, घमेलं यांच्यासोबत, गोवामार्गे. तिथून पुढे आण्णांना तो माणूस एकदम गावचा वाटायला लागला.

तर व्हॅन टूर २ स्टार, तेही बोट आणि पिंपासाठी.

एक दिवस आराम करून स्वतःच गेलो, ट्रेनने, आणि पिन्यावला एक रात्र राहिलो. हे आधीच करायला हवं होतं. पोर्तोच्या सांव बेंतो किंवा कांपान्यां स्टेशनवरून अडीचएक तास लागतात, काही गाड्या रेग्वाला बदलाव्या लागतात. ६५ वर्षांवरच्यांना तिकीट अर्धं, नुसता पासपोर्ट दाखवला (आपल्या रेल्वेने सिनियर सिटिझनची सवलत २०२० मध्ये बंद केली ती केलीच, आण्णांनी तिकीट खिशात जपून ठेवलंय गावात दाखवायला). निम्म्या वाटेनंतर रूळ नदीला येऊन चिकटतात आणि मग शेवटपर्यंत सोडत नाहीत. पिन्याव स्टेशनच्या भिंतींवर निळ्या टाईल्सची चित्रं आहेत, १९३७ ची, तोडणी, टोपल्या, होड्या, सगळं. आण्णांनी एकेका चित्रासमोर उभं राहून बायका डोक्यावर किती किलो घेत असतील याचा हिशोब केला.

स्टेशनवरून चालत पाचेक मिनिटांवर किंता दो बोंफिं आहे, तिथं बागेतून पायी फिरायच्या वाटा आहेत आणि मागे कोणी पळत येत नाही. आधी ऑनलाईन बुक करा, सप्टेंबरात गर्दी असते. तिथं आण्णांनी दोन तास घेतले. जमीन म्हणजे माती नाहीच हो, शिस्ट नावाचा खडक, पापुद्र्यासारखा पदर-पदर सुटणारा, वेलाची मुळं त्या फटींतून पाणी शोधत खोल खोल जातात. आण्णा एक तुकडा हातात घेऊन फोडत बसले. 'यात आपली थॉमसन लावली तर आठ दिवसांत मरंल.' वर्षाला छाटणी एकच, हिवाळ्यात, आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी असं दोनदा नाही, कारण थंडीत वेल आपोआप झोपतो. मांडव नाही, वेल कमरेइतकाच. मण्यांचा आकार बघून आण्णांना आधी कीवच आली, वाटाण्याएवढे मणी आणि आत बी. मग एक तोंडात टाकला आणि गप्प बसले. साखर अशी की ओठ चिकटतात.

मधेमधे काही उतारांवर पडक्या दगडी ताली आणि नुसतं झुडूप दिसतं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने मुळं खाल्ली तेव्हा जे बाग मेले ते परत लावलेच नाहीत, त्या जागांना अजून मोर्तोरियो म्हणतात, मेलेली रानं. उरलेल्यांनी अमेरिकन खुंटावर कलमं बांधली. आण्णा म्हणे म्हणजे आपल्या डॉगरिज खुंटासारखंच की, आपण क्षारासाठी आणि पाण्यासाठी बांधतो, यांनी किडीसाठी.

इतिहास एकाच वाक्यात: १७५६ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा प्रधान पोंबाल याने या खोऱ्याची हद्द ग्रॅनाईटचे दगड रोवून ठरवली, कारण व्यापारी वाईनला रंग यावा म्हणून एल्डरबेरीचा रस घालत होते, मग त्याने ती झाडंच उपटायला लावली. भेसळीवर असा इलाज आपल्याकडे दुधासाठी कोणी केला तर बरं होईल.

पिणाऱ्यांसाठी एक सूचना. पोर्ट म्हणजे नाशिकची बारा-तेरा टक्केवाली वाईन नाही. रस अर्धवट आंबला की त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात, आंबणं तिथंच थांबतं, साखर शिल्लक राहते आणि टक्का एकोणीस-वीसवर जातो. गोड लागते म्हणून सरबतासारखी ढोसली की संपलं. चार घोट घेऊन उरलेली बादलीत ओता, कोणी काही म्हणत नाही. मला दहा वर्षांची टॉनी (लाकडी पिंपात मुरवलेली पोर्ट) आवडली, बदाम-गुळाची चिक्की खाल्ल्यासारखी. गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने पिऊच नका, रक्तातली मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि त्या वळणांवर शुद्धीतसुद्धा घाम फुटतो.

रात्री राहिलो त्याचा खरा फायदा म्हणजे तुडवणी. वरच्या अंगाला एक घरगुती किंता होती, तिथं संध्याकाळी बघायला येऊ दिलं. लागार म्हणजे ग्रॅनाईटचा मांडीएवढा खोल हौद, त्यात द्राक्षं, आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेत, एक पाय उचल, दुसरा टाक, पुढं सरक, कोणीतरी तालात ओरडतंय. पहिले दोन तास असंच, शिस्तीत. गाणी आणि नाच नंतर. मला वाटलं आण्णा दारूचा कारखाना म्हणून बाहेर थांबतील. ते हौदाच्या कट्ट्याला टेकून बघत राहिले आणि म्हणाले, 'ही तर पावली.' आणि खरंच, दिंडीतलीच पावली, फक्त टाळ नाहीत. थोड्या वेळाने बघतो तर यांचापण पाय कट्ट्याखाली हलतोय. मालकिणीने ग्लास पुढे केला, आण्णांनी माळेला हात लावून दाखवला, तिने काय समजायचं ते समजून न आंबलेला ताजा रस आणून दिला. पैसे घेतले नाहीत.

ट्रेनचा अर्धा स्टार कापला तो जेवणासाठी, पिन्यावला शाकाहारी माणसाचे हालच आहेत, आणि दिवसाला गाड्या मोजक्याच, त्यामुळे आदल्या दिवशी टाईमटेबल परत बघा. भारतात बाटल्या नेणार असाल तर माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी नाही. पोर्तोहून जाताना उजव्या बाजूला बसा, येताना डाव्या, आणि काही जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडतात, तो डबा आधी पकडा.