साप्ताहिक हवामान अंदाज आणि आंब्याची बाग: वळवासाठी भरवशाचा, धुक्यासाठी अपुरा

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या हापूसच्या बागेत मोहोर फुटल्यापासून शेवटची पेटी रवाना होईपर्यंत दोन गोष्टींची धास्ती असते: पहाटेचे धुके आणि दुपारनंतरचा वळीव. या दोन्हींसाठी आम्ही भारतीय हवामान विभागाच्या मुंबई प्रादेशिक केंद्राचा जिल्हावार अंदाज पाहतो. चार हंगामांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, वळवाच्या बाबतीत ही विनामूल्य सेवा भरवशाची आहे. धुक्याच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबून आठवड्याचे नियोजन करता येत नाही.

आधी एक खुलासा करावा लागेल. जिल्हावार इशारे पाच दिवसांचे असतात, शहरांचा अंदाज सात दिवसांचा मिळतो आणि त्यापुढील कल पाहायचा असल्यास दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज वाचावा लागतो. आंबा उतरवण्याचा क्रम ठरवण्यासाठी पाच दिवस पुरेसे आहेत, कारण चौथ्या-पाचव्या दिवशी मेघगर्जनेचा इशारा दिसला की, तयार फळ आधी उतरवून कोवळे फळ झाडावर ठेवायचे, एवढा निर्णय घेता येतो. पावसात भिजलेल्या फळावर करपा हा बुरशीजन्य रोग आणि फळमाशी दोन्हींचा उपद्रव वाढतो आणि असा माल शेवटी कॅनिंगच्या, म्हणजे रस काढणाऱ्या कारखान्यांच्या पडत्या भावाने द्यावा लागतो.

या अंदाजाची भाषा मात्र नीट समजून घेतली पाहिजे. 'तुरळक ठिकाणी' हा शब्द हवामान विभागाने सैलपणे वापरलेला नाही. त्या विभागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के. तेव्हा 'तुरळक' असलेल्या दिवशी आपल्या बागेत कडक ऊन पडले, म्हणून अंदाज चुकला असे म्हणणे अन्यायाचे आहे. चारांतील निदान तीन केंद्रे कोरडी राहतील, हे त्या शब्दातच सांगितलेले असते. इशाऱ्याच्या पिवळ्या आणि नारिंगी रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. किती मिलिमीटर पाऊस पडेल, हे रंग सांगत नाही. उन्हाळ्यात माझे लक्ष रंगापेक्षा वाऱ्याच्या आकड्याकडे अधिक असते. 'ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा' आणि '५० ते ६० किलोमीटर' यांत फळांच्या गळीचा मोठा फरक आहे.

हा अंदाज वळवाच्या बाबतीत का जमतो, याचे कारण हवेच्या घडणीत आहे. विदर्भ किंवा मध्य महाराष्ट्रापासून कर्नाटकाकडे जाणारा कमी दाबाचा पट्टा, समुद्रावरून आत येणारे बाष्प आणि उन्हाने तापलेली जमीन या मोठ्या आकाराच्या गोष्टी असून त्या काही दिवस आधी दिसू शकतात. ढग साधारणपणे दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहतात आणि वरचे वारे पूर्वेकडून असतील, तर संध्याकाळी कोकणात उतरतात. कोणत्या गावावर उतरतील, हे मात्र पाच दिवस आधी कोणालाच सांगता येणार नाही. एका खासगी ॲपने एकदा आमच्या गावासाठी थेट तासावार टक्केवारी दाखवली होती. तिच्यावर विश्वास ठेवून काढणी दोन दिवस पुढे ढकलली. पाऊस आला नाही आणि पाड लागलेले फळ मात्र झाडाखाली पडले. इतकी नेमकी दिसणारी टक्केवारी पाहिली की मला आता संशयच येतो.

पाच दिवसांच्या अंदाजाला खरी जोड मिळते ती तीन तासांच्या तात्कालिक इशाऱ्याची आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या 'दामिनी' या ॲपची. आपल्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात नुकत्याच कोठे विजा पडल्या, हे त्यावर दिसते. झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन माणसे झाडावर चढलेली असताना याहून उपयोगी साधन माझ्या माहितीत नाही. आमच्याकडे काढणीला येणारे बहुतेक कामगार नेपाळी आहेत आणि मराठी संदेश त्यांच्या कामाचा नसतो; म्हणून फोन मी स्वतःकडे ठेवतो आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज दिसली, की सगळ्यांना खाली बोलावतो. यात दिवसाकाठी पाच-सहा पेट्यांचे काम मागे पडते. ते पडू द्यावे.

धुक्याची गोष्ट निराळी. निरभ्र रात्र, मंद वारा आणि ओली हवा एकत्र आली की जमिनीलगतची हवा पहाटे थंड होऊन धुके धरते. नदीकाठच्या खोलगट बागेत ते दाटते आणि कातळावरच्या बागेत त्याच वेळी ऊन असते. जिल्ह्याच्या एका ओळीत हे मावत नाही. शिवाय दृश्यमानता एक किलोमीटरपेक्षा कमी झाली तरच परिभाषेनुसार धुके म्हणतात. हे माप वाहनचालक आणि वैमानिक यांच्या कामाचे आहे. मोहोरावर दव किती वेळ राहणार, हे त्यातून कळत नाही आणि फवारणी ठरवणाऱ्याला नेमके तेच हवे असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला या बाबतीत अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात आर्द्रतेचे आकडे आणि त्यानुसार करायची कामे एकत्र दिलेली असतात.

नवख्या वाचकाची गफलत होईल अशी आणखी एक बाब आहे. इशाऱ्यातील दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे गुरुवारच्या पहाटेचे धुके बुधवारच्या रकान्यात शोधावे लागते. मला हे दुसऱ्या हंगामात उमगले.

या दोन्ही अंदाजांचा मेळ घालून एक गोष्ट मात्र घरबसल्या ताडता येते. बुधवारी संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली, रात्री आभाळ मोकळे झाले आणि वारा पडला, तर गुरुवारी पहाटे ओल्या जमिनीवर धुके येण्याची शक्यता धरून चालावे. अशा सकाळी आम्ही दव वाळेपर्यंत, म्हणजे साधारण नऊ वाजेपर्यंत, झाडाला हात लावत नाही.