जिन्याखालची कपाटे : मानेवाड्यातील घरचा अनुभव

आमच्या जिन्याखाली वाळ्याच्या जुन्या ताट्या, रद्दी आणि रिकामे डबे वर्षानुवर्षे साचत होते. तिथे कपाटे करण्याचे काम यंदा एका स्थानिक फर्निचर दुकानाकडे सोपवले. सर्वांत उंच भागात त्यांनी कप्पे न करता दोन पल्ल्यांची मोकळी जागा ठेवली, त्यामुळे पावसाळा सरला की कूलर चाकांसकट सरळ आत जातो, आणि नागपूरच्या घरात यापेक्षा मोठी सोय नाही. उतरत्या भागात टेलिस्कोपिक चॅनलवरचे तीन खोल ड्रॉवर आहेत. ते पूर्ण बाहेर येत असल्याने मागच्या कोपऱ्यातला पापडांचा डबा चाचपडत शोधावा लागत नाही.

तक्रार प्लायवूडची आहे. ठरले होते आयएस ७१० चे, म्हणजे ओल सोसणारे मरीन प्लाय. आले मात्र आयएस ३०३ चे, म्हणजे सर्वसाधारण वापराचे, आणि तेही फळीवरचा शिक्का मी स्वतः वाचला म्हणून कळले. बऱ्याच वादानंतर जमिनीलगतच्या फळ्या तेवढ्या बदलून मिळाल्या. इन्व्हर्टरच्या कप्प्याला त्यांनी बंदिस्त दार लावले होते. चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघत असल्याने तिथे जाळी बसवून घेतली, तिचे पैसे मात्र वेगळे द्यावे लागले.