बेळगावच्या वडगावातलं आमचं ऑनलाईन सेंटर: कोरोनात यानं काय केलं ते लिहायचं राहिलं होतं

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

परवा कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या गृहलक्ष्मी योजनेचं स्टेटस बघायला परत या सेंटरवर गेले तर तिथं एक आजी बसलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुक सगळं दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि सेंटरवाला दादा त्यांना स्क्रीनवरची एकेक ओळ मराठीत वाचून दाखवत होता. इथं नाव लिवलंय बघा आजी, इथं गाव, हे बँकेचं, बरोबर हाय न्हवं? आजी हो म्हटल्यावरच पुढची ओळ. तेव्हा वाटलं की २०२० आणि २०२१ मध्ये आमच्या गल्लीला या माणसाचा केवढा आधार झाला ते कुणीच कुठं लिहिलेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. दुकानाचं नाव टाकू का म्हणून विचारलं तर नको म्हणाला. वडगावात फॉर्म भरून देणारा दादा कुठं म्हणून कुणालाही विचारा, सांगतील.

मी घरात शिवणकाम करते, ब्लाऊज, परकर, फॉल-पिको. नवरा उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, एका फाउंड्रीत फेटलिंगला आहे, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग घासून साफ करायच्या कामाला. आजूबाजूला सगळी मागवाली घरं. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि चार-आठ दिवसांत सूत संपल्यावर माग थांबले. वडगाव-खासबागात वाढलेल्या माणसाला तो खटखट आवाज म्हणजे घड्याळ, तो थांबल्यावर रात्री झोपच लागत नव्हती. लग्नसराई गेली, माझ्याकडं एप्रिल-मे मध्ये एकसुद्धा ब्लाऊज आला नाही.

सरकारनं काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. रेशनवर माणशी पाच किलो जादा तांदूळ मिळाला, जनधन खात्यावर बायकांना तीन महिने पाचशे-पाचशे आले, त्यावर गॅस आणि तेल झालं. मे २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुराप्पांनी १,६१० कोटींचं पॅकेज काढलं, त्यात न्हावी, परीट, रिक्षावाले यांना पाच-पाच हजार, आणि मग यंत्रमागवाल्यांना दोन हजार जाहीर झाले. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत १,२५० कोटींचं आलं, त्यात शिंपी, मोलकरणी, हमाल, मेकॅनिक, चांभार अशा लोकांना दोन हजार, बांधकामवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना तीन हजार. जूनच्या पॅकेजात पावरलूमवाल्यांना तीन हजार आणि आशाताईंना तीन हजार.

टीव्हीवर ऐकायला बरं वाटतंय. पण पैसे आपोआप येत नाहीत, सेवासिंधूवर, म्हणजे राज्य सरकारच्या साईटवर, अर्ज करायला लागतोय, आणि आमच्याकडं कन्नड बोलणारे सगळे, वाचणारे कमी. मी स्वतः मराठी शाळेत शिकले, गिऱ्हाइकाबरोबर कन्नडात भाव करते, पण अक्षर आलं की अडतंय. सही कशावर करतोय तेच कळत नसेल तर माणूस घाबरतोच की. आमच्या शेजारच्या काकू तर म्हणाल्या, नको बाई ते दोन हजार, उगीच कुठल्या कर्जाचा कागद असला तर?

मी आधी दुसरीकडं एका ठिकाणी गेले होते, त्यांनी एका फॉर्मला दीडशे मागितले आणि काय भरलं ते दाखवलंसुद्धा नाही. या दादानं प्रिंटसकट तीस घेतले. आणि तीस रुपयांत काय काय केलं ते सांगते. माझ्या आधारवर नवऱ्याचं आडनाव लागलंय, रेशनकार्डावर कन्नडात नुसतं माझं नाव आणि तेही एका अक्षरानं वेगळं. मला ते दिसलंच नसतं. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पेन्सिलीनं त्या अक्षराखाली रेघ मारली आणि म्हणाला, वहिनी, हे असंच टाकलं तर परत येणार, आधी हे दुरुस्त करूया. शिंपीकाम करते म्हणून दाखला लागत होता, तो कुणाच्या सहीचा चालतोय, कोऱ्या नमुन्यात कुठं काय लिहायचं, हे त्यानं मराठीत एका कागदावर लिहून दिलं, तो कागद अजून माझ्या मशीनच्या खणात आहे.

पैसे आले का म्हणून मी महिनाभर पासबुक मारून आणत होते, नाहीच. तर यानं फोनवर आधार कुठल्या बँकेला मॅप आहे ते काढलं, ते निघालं माझ्या माहेरच्या गावच्या जुन्या खात्याला. शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं तिथंच सरकारी पैसे पडतात, पासबुक तुम्ही कुठलं दिलंय त्याला अर्थ नाही. हे आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर चार-पाच जणींचे असेच हरवलेले पैसे जुन्या खात्यावर सापडले. दोन हजार म्हणजे काही मोठी रक्कम नाही, पण तेव्हा दोन महिन्यांचं लाईटबिल आणि पोराची वह्या-पुस्तकं झाली त्यात.

दुकानातली काळजी कशी होती ते पण लिहायला पाहिजे, कारण तेव्हा मी बऱ्याच ठिकाणी गेले आणि अशी कुठं बघितली नाही. दुकान आठ बाय दहाचं असेल. दारातच टेबल आडवं लावलं, वर पडद्याच्या दांडीला जाड पारदर्शक प्लास्टिक टांगलं, खाली कागद सरकवायला फट. आत एका वेळी एकच माणूस, बाकीचे बाहेर खडूच्या गोलात, पुठ्ठ्याचे टोकन. आपापलं पेन आणायचं. अंगठ्याचं मशीन प्रत्येक माणसानंतर पुसायचा, आणि ओटीपीवर काम होत असेल तर अंगठा घ्यायचाच नाही. कडक लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, तेव्हा आम्ही कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचो आणि तो घरात बसून भरायचा. ओटीपी मागताना आधी सांगायचा की आता कुठला मेसेज येणार, तो आला की मोठ्यानं वाचा, आणि मी सोडून दुसऱ्या कुणी फोन करून मागितला तर देऊ नका. म्हातारीकोतारी माणसं ते अजून पाळतात.

आता नवऱ्याचं. हे लिहिताना अजून पोटात गोळा येतोय.

केंद्राच्या गृहखात्यानं १५ एप्रिल २०२० च्या आदेशात कारखान्यांसाठी नियम घातले होते. येताना-जाताना ताप मोजायचा, दोन शिफ्टच्या मध्ये एक तासाचं अंतर ठेवायचं, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या करायच्या, सहा फूट अंतर, कामगारांचा मेडिकल इन्शुरन्स. यातलं आमच्या नवऱ्याच्या कारखान्यात ताप मोजण्याचं मशीन होतं, बाकी काही नाही. फेटलिंगला ग्राइंडर चालतोय, ठिणग्या आणि काळी धूळ, उकाडा एवढा की कापडी मास्क अर्ध्या तासात घामानं भिजून नाकाला चिकटतोय, मग पोरं गळ्यात घेतात. दुसरा मास्क मालकानं द्यायचा की नाही? पाण्याच्या पिंपाला एकच स्टीलचा पेला साखळीनं बांधलेला, हजेरीला सगळ्यांचा अंगठा त्याच मशीनवर. मी घरात गरम पाण्यानं कपडे भिजवत होते, त्याला मागच्या दारानं आंघोळीला पाठवत होते आणि तिकडं पेला एकच.

मे २०२१ ला तो पॉझिटिव्ह आला. पंधरा दिवस ताप, खोकला, ऑक्सिजन मोजायचं ते बोटाचं यंत्र आम्ही गल्लीत तीन घरं मिळून वापरत होतो. कारखान्यातनं निरोप आला, बरा झाला की ये, सुट्टीचा पगार नाही. आम्ही गप्प बसलो असतो. औषधाच्या चिठ्ठीची प्रिंट काढायची म्हणून मी सेंटरवाल्या दादाला फोटो पाठवला आणि त्यानं उलट विचारलं, पगारातनं ईएसआय कापतात का? पगाराची स्लिप बघितली तर कापतात की. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. पाऊण टक्का कामगाराचा, सव्वातीन टक्के मालकाचे, २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना हे लागू. इतकी वर्षं कापले जात होते आणि आम्हाला वाटायचं तो कसला तरी टॅक्स. त्यानं समजावलं की आजारपणात ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट असलं तर पगाराच्या सत्तर टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, फक्त आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. रिपोर्ट, सर्टिफिकेट, बँकेचं सगळं त्यानं ओळीनं लावून दिलं. पैसे आले. त्या दिवशी नवरा पहिल्यांदा उठून बाहेर कट्ट्यावर बसला, हातात तो मोबाईलचा मेसेज धरून, वाचलेलाच परत परत वाचत.

हे सांगणं कुणाचं काम होतं? कारखान्याच्या ऑफिसात एक कागद लावला असता तरी पुरलं असतं. तो कागद या पोरानं स्वतःच्या दुकानाबाहेर लावला. पुठ्ठ्यावर मार्करनं, मराठीत, मोठ्या अक्षरात. आजारपणाचे पैसे, पीएफमधनं कोरोनासाठी किती काढता येतात, लस कुठं. २२ मे २०२० ला कर्नाटकनं कारखान्यांना दिवसाला दहा तास काम घ्यायची मुभा दिली होती आणि ११ जूनला ती मागं घेतली, ते पण त्यानं तारखेसकट लिहिलं होतं. उद्यमबागेतनं सुटून सायकलीवरनं जाणारी पोरं थांबून वाचायची. आमच्या नवऱ्यानं त्याचा फोटो काढून कारखान्यातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकला आणि चौघांनी मिळून सुपरवायझरला विचारलं की दहा तास आता कुठल्या नियमात? आठ तासांवर आलं परत.

लसीचं पण तसंच. ११ एप्रिल २०२१ पासून कामाच्या ठिकाणी लस द्यायची सोय झाली, पण शंभरेक लोक पात्र असतील तिथं. वीस-तीस माणसांच्या वर्कशॉपचं काय? मागाच्या शेडमध्ये तर चारजण. त्यांना कोविनवर स्लॉट पकडायला लागायचा. दादा स्लॉट उघडायच्या वेळेला दोन मोबाईल घेऊन बसायचा, आमच्या गल्लीतल्या बऱ्याच विणकरांचे पहिले डोस त्यानं बुक केलेले आहेत आणि त्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

अजून एक सांगते आणि थांबते. आमच्या मागच्या गल्लीतले मामा दुसऱ्या लाटेत गेले. पॉझिटिव्ह आल्यावर विसाव्या दिवशी घरातच, दाखल्यावर हार्टचं कारण. मामींना सगळ्यांनी सांगितलं की कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना सरकार देतंय ते पन्नास हजार तुम्हाला मिळणार नाहीत, दाखल्यावर लिहिलेलंच नाही. त्या रिकाम्या हातानं दोन वेळा कचेरीतनं परत आल्या. दादानं सप्टेंबर २०२१ चा नियम काढून दाखवला, टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला तर तो कोरोनाचाच धरायचा, माणूस दवाखान्याबाहेर गेला असला तरी, आणि दाखल्याबद्दल तक्रार असेल तर जिल्ह्याच्या समितीकडं अर्ज करायचा. टेस्टचा रिपोर्ट मामांच्या जुन्या शर्टाच्या खिशात होता, घडी घालून, अक्षरं पुसट झालेली. मामींनी तो शर्ट धुतला नव्हता म्हणून तो राहिला. दादानं तो कागद उजेडात धरून मोबाईलनं तीन-चार वेळा फोटो काढले, तेव्हा कुठं नंबर वाचता आला. अर्ज गेला, पैसे मिळाले. मामींनी नंतर दुकानात पेढे आणले तर यानं हातात घेतले आणि मान खाली घालून बसला, काही बोललाच नाही.

अर्धा स्टार कापलाय तो यासाठी की दुकानाबाहेर सावली नाही. बारा वाजता उन्हात म्हातारी माणसं उभी असतात, एक ताडपत्री आणि बाकडं टाकलं तर बरं होईल, मी दोनदा सांगितलंय. दुपारी दीड ते चार बंद असतंय आणि पाटीवर ते लिहिलेलं नाही, लांबनं आलेल्या माणसाचा हेलपाटा होतोय. माझी आधारची झेरॉक्स एकदा दुसऱ्याच कुणाच्या फाईलमध्ये गेली होती, त्यानं आठवून स्वतः फोन करून परत दिली, पण अशी चूक व्हायला नको. आता प्रत्येकाचे कागद वेगळ्या पिशवीत ठेवतो.

फी अजून कमीच आहे. साध्या फॉर्मला पन्नास, ई-श्रम कार्डाचे, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचे, माझ्याकडनं प्रिंटचे तेवढे घेतले. मागावर, शिलाईवर, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांनी ते ई-श्रम काढून ठेवा, तो करून देतोय. जाताना आधारला जोडलेला मोबाईल बरोबर घ्या, नवऱ्याचा नंबर जोडलेला असेल तर नवऱ्यालाच बरोबर न्या, नाहीतर ओटीपी येतोय तिकडं आणि तुम्ही इकडं. सकाळी दहाच्या आत गेलात तर गर्दी नसते. मंगळवारी बंद.